गाणे एक, परीक्षक घरभर

या पानावर फेस्ताच्या बातम्या येतात, मुलांच्या यशाची अभिनंदने येतात, निधनवार्ता येतात. आज एक घरातला विषय मांडावासा वाटतो. तो जवळपास प्रत्येक घरात निघतो, पण कोणी गंभीरपणे घेत नाही.

रात्री जेवणे आटोपली की टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागते. शापाय खुर्ची पुढे ओढतात आणि दहा मिनिटांत म्हणतात, ‘‘गाणे कमी, रडारड जास्त. आमच्या वेळी माणूस उभा राहून गायचा आणि खाली बसायचा.’’ घरातल्या आईचे लक्ष गाण्यापेक्षा गाणाऱ्या पोरीकडे असते. ‘‘एवढ्या रात्री उभे केलेय तिला, उद्या शाळा नाही का?’’ कॉलेजात जाणाऱ्या नातवाला ही सगळी चर्चाच नको असते. ‘‘तुम्ही ऐका, मला बघायचे आहे. लाईट बघा, बँड बघा, काय सेट लावलाय!’’ आणि नाट्यगीतांवर वाढलेले शेजारचे काका सहज डोकावले असतील तर दारातूनच निकाल देतात, ‘‘ताना पुष्कळ मारल्या, पण शब्द कुठे गेले?’’

चौघांची चार मते, आणि खरे सांगायचे तर चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. शापायांनी गाणे ऐकले ते रेडिओवर, तियात्राच्या रंगमंचावर, लदिनीला, लग्नाच्या मांडवात. तिथे चूक झाली तर झाली, पुन्हा गाता येत नसे. टीव्हीवरचा कार्यक्रम बहुतेक वेळा आधी चित्रित झालेला असतो, काटछाट होऊन येतो, आवाजावरही नंतर काम होते. म्हणून त्यांना ते ‘सजवलेले’ वाटते. नातवाच्या पिढीला गाणे आणि दृश्य वेगळे काढताच येत नाही, कारण तिला गाणे भेटले तेच पडद्यावर. आईची काळजी आईचीच आहे, ती कोणत्याही पिढीत बदलत नाही. आणि काकांना हवा असतो शब्द, कारण नाटकात शब्द कळला नाही तर पुढचा प्रवेश कळत नाही.

मग हा वाद मिटवायचा कसा? माझे म्हणणे असे, की तो मिटवूच नये. का, ते सांगतो.

परीक्षकाची खुर्ची जुनी आहे

नवे गाणे जुन्या पिढीला खटकते, ही टीव्हीने आणलेली गोष्ट नाही. आपल्या गोव्यात तर या वादाला शतकांचा इतिहास आहे. फरक एवढाच, की पूर्वी परीक्षकाच्या खुर्चीवर धर्मसत्ता किंवा सरकार बसायचे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला आपल्या देशातली चाल घेतली नाही. इथल्या लोकांच्या कानात बसलेली मराठी ओवी घेतली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राशोल येथे छापले गेले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि ते देवळांतून मोठ्याने वाचले, गायले जाई. पुढे वारे फिरले. १७३६च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नांतून गायल्या जाणाऱ्या ओव्या आणि इथली वाद्ये यांना मनाई केली. पण फर्मानाने गाणे मरत नाही. रोसाच्या दिवशी नवरा-नवरीला नारळाचा रस लावताना ‘जोती’ आणि ‘वोव्यो’ म्हणणाऱ्या बायका आजही गोव्यात आहेत.

पुढची गोष्ट रोमची. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीताबद्दल आदेश काढला. त्यात चर्चमध्ये पियानो वाजवायला बंदी होती, ढोल आणि झांजांसारख्या गोंगाटाच्या वाद्यांनाही बंदी होती. त्यानंतर साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. लॅटिनबरोबर लोकभाषांना वाट मिळाली आणि मिसेला आलेल्या सगळ्या लोकांनी उपासनेत सक्रिय भाग घ्यावा, यावर भर दिला गेला. कोंकणी गायने आली, हळूहळू गिटारही आली. तेव्हा कपाळाला आठ्या घालणारे ज्येष्ठ होतेच. आज गंमत अशी, की त्या वेळी हौसेने गिटार हातात घेतलेली तरुण पिढी आता आजोबा झाली आहे, आणि त्यांच्यापैकी काहींना कॅराओके ट्रॅकवर गायलेले चालत नाही.

आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरातही वेगळे नाही. पेटीशिवाय आज भजन उभे राहत नाही. कारापुरात विठ्ठलापूरच्या देवळापासून पुढे कुठल्याही वाड्यावर जा, पेटी आहेच. पण याच पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आकाशवाणीने १९४०मध्ये दार बंद केले होते. कारण असे, की परदेशी पट्ट्यांच्या या वाद्यातून आपल्या गाण्यातली मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत. हे कारण संगीताच्या दृष्टीने खोटे नव्हते. तरी १९७१मध्ये बंदी सैल करावी लागली, कारण लोकांनी पेटी केव्हाच आपली करून टाकली होती.

सर्वांत बोलका किस्सा फिल्मी गाण्यांचा. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केले? रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आज शापाय ज्या जुन्या गाण्यांची शपथ घेतात, ज्यांच्यापुढे नातवाच्या आवडीला ‘आरडाओरडा’ म्हणतात, तीच गाणी एके काळी मंत्र्याला देश बिघडवणारी वाटत होती. हे नातवाला जरूर सांगावे. आणि शापायांनाही!

वन्समोअरपासून एसएमएसपर्यंत

प्रेक्षकांनी गाण्याचा निकाल लावणे हेही नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८०मध्ये रंगभूमीवर आले, आणि पहिले कोंकणी तियात्र ‘इटालियन भुर्गो’ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले. संगीत नाटक असो की तियात्र, पद किंवा कांतार आवडले की थिएटर दणाणून उठायचे, ‘‘वन्समोअर!’’ नाही आवडले तर खोकणे, पाय घासणे सुरू. गाणाऱ्याला निकाल तिथल्या तिथे कळे, आणि मत द्यायला तिकिटापलीकडे पैसे पडत नसत.

टीव्हीवर ‘सा रे ग म’ १९९५मध्ये सुरू झाले, सूत्रसंचालक तरुण सोनू निगम. तेव्हा निकाल परीक्षकांच्या हाती होता आणि घरातले लोक नुसते मान डोलवत किंवा नाक मुरडत. २००४मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि मोबाईलवरून मत द्यायची सोय घरोघरी पोचली. पहिला विजेता मुंबईचा अभिजित सावंत ठरला. एसएमएसचा दर साध्या संदेशापेक्षा जास्त, आणि एकाच माणसाला कितीदाही मत देता येई. म्हणजे निकालात आवडीबरोबर खिसाही आला, गाव आला, जिल्हा आला. ‘आपला माणूस’ जिंकावा म्हणून बोटे दुखेपर्यंत संदेश पाठवणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

मराठी घरांत या वादाचा कळस झाला तो २००८-०९मध्ये, झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’मध्ये. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. शेवटी उरलेली पाच मुले आठवतात ना? आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची चिमुकली मुग्धा वैशंपायन. फेब्रुवारी २००९मध्ये कार्तिकी जिंकली आणि घराघरांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, तयारीचा, घोटलेला गळा मागे पडला. दुसऱ्याचे म्हणणे, वारकरी घरातून आलेला तो खडा आवाज थेट काळजाला भिडतो, त्याला मोजमाप कसले लावता? आपल्याकडे डिचोली-पेडण्यात तर हा वाद अधिक रंगला, कारण इथे नाट्यसंगीताचे कान आणि भजनाचे कान एकाच घरात नांदतात. आणि माझ्या लक्षात राहिले ते असे, की ख्रिस्ती घरांतूनही तो कार्यक्रम तितक्याच आवडीने पाहिला जाई. अभंग कोणाचा, गवळण कोणाची, असा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला नाही.

२०२१मध्ये तीच पाच मुले, आता तरुण झालेली, नव्या ‘लिटल चॅम्प्स’मध्ये परीक्षक म्हणून बसली. प्रथमेश आणि मुग्धा यांचे तर डिसेंबर २०२३मध्ये लग्नही झाले. ज्यांच्यावरून आपण भांडलो, तीच मुले परीक्षकाच्या बाजूला गेली. तेवढ्यात आपल्या घरातही कोणी आजोबा झाले, कोणी बाप झाला. पिढी बदलते म्हणजे काय, ते यापेक्षा सोपे करून कोण सांगणार?

आईची शंका बाजूला ठेवू नका

या सगळ्या मतांत मला सर्वांत वजनदार वाटते ती आईची शंका. मूल दमले नाही का? हरल्यावर त्याचे काय? २००८मध्ये कोलकात्यात टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी कठोर बोलल्यावर एक शाळकरी मुलगी इतकी खचली की तिची वाचा बसल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यानंतर टीव्हीवरच्या मुलांच्या सहभागाबद्दल राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे बालकामगार कायद्यात २०१६मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७मध्ये नियम आले. बाल कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांवर काम नाही. त्याच्या कमाईतले निदान वीस टक्के पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. आपल्या मुलाला ऑडिशनला नेणाऱ्या पालकांनी एवढे तरी पाठ असू द्यावे.

पण कायदा तास मोजतो, मन मोजत नाही. म्हणून इथे एक जुनी गोष्ट आठवते. पोर्तुगीज आमदनीत चर्चशेजारच्या शाळांतून मेस्त मुलांना सोल्फेज शिकवत, रबेक हातात देत. तिथे ‘एलिमिनेशन’ नव्हते. ज्याचा गळा बरा तो पुढच्या ओळीत, ज्याचा बेताचा तो मागच्या ओळीत, पण गायचे सगळ्यांनी. याच शिक्षणातून तयार झालेले गोंयकार मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये नायकाच्या तोंडी आलेले ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला सलाम. सिनेमाच्या पडद्यावर हे वादक क्वचितच दिसले. या बाबतीत टीव्हीचे उपकार मानायला हवेत. आजच्या कार्यक्रमांत वादकांवर कॅमेरा जातो, त्यांची नावे घेतली जातात, लोक त्यांना ओळखतात. ‘‘टीव्हीने गाणे बिघडवले’’ म्हणणाऱ्या शापायांनी हेही जमेस धरावे.

वाद संपला, याचीच काळजी

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत घरातले हे भांडण कमी झाले आहे. का? सगळे शहाणे झाले म्हणून? नाही हो. शापाय टीव्हीसमोर एकटे बसतात, आई स्वयंपाकघरात मोबाईलवर जुनी गाणी लावते, नातू कानात इयरफोन घालून खोलीत असतो. प्रत्येकाला हवे ते ऐकायला मिळते. कोणी कोणाला ‘‘बंद कर ते’’ म्हणत नाही. घरात शांतता आहे, आणि नातवाला शापायांचे एक गाणे माहीत नाही, शापायांना नातवाचे एक.

ज्या पिढ्या एकाच टीव्हीसमोर बसून भांडल्या, त्यांनी एकमेकांची गाणी निदान ऐकली तरी. ‘चित्रहार’ लागायचा तेव्हा एका गाण्यावर आजी खूष, दुसऱ्यावर नातू खूष, आणि मधली गाणी दोघांनीही सोसलेली. त्या सोसण्यातून कान तयार होत होते. आज तो धागा तुटत चालला आहे, आणि त्याचा परिणाम घराबाहेर दिसतो. क्वायरला आवाज कमी पडतात. भजनी मंडळातही चेहरे तेच ते, केस पांढरे होत चाललेले. तरुण गात नाहीत असे मुळीच नाही. ते गातात, मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकतात, छान गातात. पण एकत्र गाण्यासाठी दोन्ही पिढ्यांना येणारे गाणे लागते, आणि तेच उरत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत मीस टीव्हीवर आणि मोबाईलवर आली. त्या कठीण दिवसांत ती मोठा आधार होती, यात शंका नाही. पण त्याचबरोबर आपल्याला गायन नुसते ऐकायची सवय लागली. देवळात आल्यावरही काही जण क्वायरकडे प्रेक्षकांसारखे बघतात, बाहेर पडताना गुण देतात, ‘‘आज सोप्रानो चढली.’’ अरे बाबा, तुझे तोंड का बंद होते? देवळातल्या गाण्याला प्रेक्षक नसतात. भजनातही नसतात, टाळ हातात घेतला की झाले. टीव्हीने आपल्या प्रत्येकाला परीक्षक केले, हे मजेचे आहे. पण परीक्षक होता होता गाणारा हरवू नये.

जुने टिकवायचे म्हणजे ते जसेच्या तसे गोठवायचे, असेही मी म्हणत नाही. आपले घुमट बघा. मातीचा घट आणि त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, तेव्हा बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. जाणकार म्हणाले, नाद तो राहिला नाही. खरेही असेल. पण घुमट वाजत राहिले, चवथीच्या आरतीत आणि मांड्याच्या साथीलाही. २०१९मध्ये गोवा सरकारने ते राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. कातडे बदलले म्हणून ज्येष्ठांनी वाजवणे सोडले असते, तर आज जाहीर करायला काय उरले असते? तसेच ख्रिस पेरींच्या गाण्यांचे. २०१५मध्ये ‘नाचूंया कुंपासार’ चित्रपट आला आणि आजोबांच्या तारुण्यातली ती गाणी नातवंडांच्या ओठांवर गेली. पडद्याने पिढ्या तोडल्या म्हणतात, इथे पडद्यानेच जोडल्या.

तेव्हा शेजाऱ्यांनो, माझ्या सूचना साध्या आहेत. आठवड्यातून एक रात्र घरातला मोठा टीव्ही सगळ्यांचा करा. पहिले गाणे शापाय निवडतील, दुसरे नातू, तिसरे आई. दुसऱ्याच्या गाण्याच्या वेळी उठून जायचे नाही, एवढा एकच नियम. मते खुशाल द्या, दहापैकी दोन गुण द्या, भांडा. क्वायरमास्तरांनी दर रविवारी एक जुने गायन ठेवावे आणि तरुणांना आवडेल असे एक नवे, आणि नवे शिकवायचे काम तरुणांवरच सोपवावे. येत्या चवथीला शेजारी आरतीसाठी बोलावतील, तेव्हा आपली मुले नुसती व्हिडिओ काढायला उभी राहू नयेत, एखाद्याने घुमटावर हात ठेवावा. आणि नाताळात आपण शेजाऱ्यांना बोलावतो, तेव्हा करंज्या-नेवऱ्यांबरोबर एक गाणे त्यांच्याकडूनही घ्यावे.

आपल्या वाड्यावर, आपल्या घरात काय चालते? शापायांचे कोणते गाणे नातवाला येते, नातवाचे कोणते शापायांना? येत असेल तर या पानाला जरूर लिहा. येत नसेल तर आजच्या जेवणानंतर विचारा आणि मग लिहा.